"आता ते कुठं असतील गं?" आईला काय उत्तर देऊ?

वळचण

हा धागा कुठल्या विभागात टाकावा हेच कळेना. 'धर्म आणि अध्यात्म'मध्ये टाकला तर तिथली मंडळी समजूत काढतील, 'विज्ञान'मध्ये टाकला तर पाठ थोपटतील. सध्या दोन्ही नको आहे, म्हणून 'इतर'.

नाना फाल्गुनात गेले. वय ७६. एसटीत कंडक्टर होते. निवृत्तीनंतर दीड एकर रान आणि वारी, एवढंच त्यांचं जग. एकवीस वर्षं माउलींच्या पालखीबरोबर आळंदीहून पंढरपूरला चालत गेले, रथामागच्या एका दिंडीत. मी त्यांची थोरली लेक. लहानपणी हरिपाठ तोंडपाठ होता, अजूनही आहे. पण गेली पंधरा-सोळा वर्षं माझा देवावर विश्वास नाही.

तो कसा गेला याला काही गोष्ट नाही. कुणी फसवलं नाही, काही वाचून डोळे उघडले असंही नाही. एका एकादशीला उपास विसरले. पुढच्या एकादशीला आठवलं की मागची विसरले होते, आणि त्याचं काहीच वाटलं नाही. नानांना माहीत होतं. एकदाच म्हणाले, "तुझं तू बघ. हरिपाठ तेवढा सोडू नको, वाणी स्वच्छ राहते." विषय संपला.

तर देव नसण्याची मला चांगली सवय आहे. नाना नसण्याची नाही. या दोन गोष्टी एकदम समोर आल्यावर काय होतं, याचा विचारच कधी केला नव्हता.

आधी हॉस्पिटलचं सांगते. शेवटच्या आठवड्यात फुप्फुसं साथ देईनात. डॉक्टरांनी व्हेंटिलेटरचं विचारलं. लावला तर पुन्हा निघेल याची खात्री नाही, हेही स्पष्ट सांगितलं. भाऊ बाहेर जाऊन भिंतीला टेकून उभा राहिला. 'नको'च्या कागदावर सही मी केली. आता घरात सगळे म्हणतात, वेळ भरली होती, माउलींनी बोलावून घेतलं. ते ज्या सहजतेनं म्हणतात त्याचा मला हेवा वाटतो. माझ्याकडे माउली नाहीत. माझ्याकडे सही आहे.

मग दहावा. कृष्णेच्या घाटावर भावानं पिंड ठेवला. गुरुजी मागं सरकताहेत तोवर कावळा आला, शिवला, पाठोपाठ दुसराही. सगळे सुटल्यासारखे झाले. मामा म्हणाले, "बघा, कसली म्हणून इच्छा राहिली नव्हती माणसाची." आणि मला, जिचा त्या कावळ्यावर काडीचा विश्वास नाही तिला, भयंकर राग आला. कसलीच नाही? माझ्यापायी घटकाभर अडले पण नाहीत? कावळ्याला भूक लागली होती हे मला कळतं. पण राग दुपारभर उतरला नाही.

आता खरा प्रश्न. आई रोज तिन्हीसांजेला दिवा लावून झाला की विचारते, "आता ते कुठं असतील गं?" मलाच विचारते. मी सध्या घरून काम करते म्हणून गावी आहे. भाऊ 'वैकुंठात' म्हणून मोकळा होतो, म्हणून बहुतेक त्याला विचारत नाही. मी 'वैकुंठात' म्हटलं तर तिला लगेच कळेल की ही माझं मन राखतेय. 'कुठंच नाहीत' हे सत्तरीच्या बाईला, दिव्यासमोर, कसं सांगायचं? मी रोज काहीतरी पुटपुटते आणि भाजी बघायला उठते.

ज्यांची श्रद्धा आधी गेली आणि मग जवळचं माणूस गेलं, त्यांनी काय केलं ते सांगा. देव आहे की नाही यावर कृपा करून नको. त्यावर इथे चारचारशे प्रतिसादांचे धागे पडून आहेत.

भटकी_मांजर

"ईश्वर मृतात्म्यास शांती देवो" असं टाइप केलं, मग धागा वाचला, मग खोडलं. आता दुसरं वाक्यच सुचत नाही. 'भावपूर्ण श्रद्धांजली' म्हणावं तर त्यातही श्रद्धाच. आपल्याकडे नास्तिकाच्या दारी समाचाराला जाऊन बोलायचं तरी काय?

वाईट वाटलं, वळचण.

वळचण

हे चाललं. 'वाईट वाटलं' पुरतं.

तर्कट

सहानुभूती आहे, पण स्पष्ट बोलतो. विश्वास नव्हता तर घाटावर उभ्या कशाला राहिलात? आणि उभ्या राहिलात तर मग कावळ्यावर रागावण्यात नवल काय? आपणच त्या खेळात भिडू म्हणून उतरायचं आणि मग खेळ लागला म्हणायचं. चार्वाकांनी हा हिशेब कधीच मांडून ठेवलाय: इथं जेवू घातलेलं मेलेल्याला पोचत असेल, तर प्रवासाला निघालेल्याला शिदोरी बांधून द्यायची गरजच काय, घरीच कुणाला तरी त्याच्या नावानं वाढा.

आईंना खरं सांगा. मोठ्या माणसांना आपण समजतो त्यापेक्षा जास्त झेपतं.

वळचण

चार्वाकांचं हे मी कॉलेजात असताना नानांना ऐकवलं होतं. ते म्हणाले, "कंडक्टरला शिदोरीचं सांगू नको."

घाटावर उभी राहिले कारण माझा बाप गेला होता आणि बाकी सगळे तिथं होते. घरी बसून मी काय करणार होते? फ्रीज पुसणार होते?

जोशीकाकू

वळचणबाई, मी देवभोळ्यांतली. तरी बोलते. श्रद्धा असली की दुःख सोपं जातं हा तुमचा सगळ्यांचा गैरसमज आहे. माझा भाचा बाविसाव्या वर्षी गेला, माझ्याच हाताखाली वाढलेला. दीड वर्ष मी देवघरात दिवा लावला नाही. तुमच्याकडे रागवायला कोणी नाही, माझ्याकडे देव होता, आणि तो काही केल्या उत्तर देईना. त्यात तेरा दिवस गरुडपुराण वाचायला बसवलं. पापी जिवाला कुठं कसं भाजतात, वैतरणी कशी रक्ता-पुवाची. पोराच्या आईनं ते मांडी घालून ऐकायचं. सातव्या दिवशी मी पोथी मिटवून ठेवली आणि गुरुजींना म्हटलं, हे पुढं वाचायचं नाही.

आता लावते दिवा. पण पूर्वीसारखं काही मागत नाही.

वळचण

काकू, हे कुणीच सांगत नाही हो. धन्यवाद.

पिंपळपान

आमच्या घरातलं सांगतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतलेल्यांत माझे आजोबा होते. बाबासाहेबांनी दिलेल्या बावीस प्रतिज्ञांमधली सहावी याच विषयावर आहे: श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही. आजोबांनी ती अक्षरशः पाळली. पण नंतर घरात पहिला मृत्यू झाला, त्यांची आईच गेली, तेव्हा काय करायचं हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. जुनं टाकलेलं, नवं अजून हाताशी नाही. आजी सांगायची, माणसं अंगणात बसून होती आणि कुणी उठेना.

हळूहळू नवं रुजलं. आता आमच्याकडे जलदान विधी होतो, पुण्यानुमोदन होतं. त्रिशरण, पंचशील, मग गाथा म्हणत भांड्यातलं पाणी धारेनं दुसऱ्या भांड्यात ओतायचं, ते भरून बाहेर वाहीपर्यंत. त्यात आत्मा नाही, कावळा नाही. पुण्य असं दुसऱ्याला देता येतं यावर माझा स्वतःचा विश्वास नाही, हेही सांगून टाकतो. पण बाबा गेले तेव्हा ती धार मी धरली होती, आणि तेवढा वेळ हात थरथरले नाहीत.

@तर्कट, जोतीराव फुले १८९० मध्ये गेले तेव्हा टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेत पुढं धरायचं मडकं, कुणी धरावं यावर वाद झाला आणि सावित्रीबाईंनी ते हातात घेतलं. भटजी नाकारणारी माणसं होती ती. टिटवं टाकून दिलं नाही, धरणारा हात बदलला.

तर्कट

@पिंपळपान, मुद्दा मान्य. पण सावित्रीबाईंनी परंपरा मोडली. वळचणबाईंनी काय मोडलं?

व्यवस्थापक

या धाग्यावरचे तीन प्रतिसाद उडवले आहेत. धागाकर्तीनं दुसऱ्याच परिच्छेदात सांगितलंय की वडील गेलेत. वाद घालायचा असेल तर आपापल्या वडिलांच्या धाग्यावर घाला.

डॉ_कात्री

मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीररचनाशास्त्र शिकवते, म्हणजे मृतदेह हे माझं रोजचं काम.

पहिलं सहीबद्दल. मृत्यूच्या वैद्यकीय प्रमाणपत्रावर कारणाचे रकाने असतात: तात्काळ कारण, त्यामागचं कारण, त्याच्याही मागचं. नानांच्या प्रमाणपत्राची प्रत मिळाली तर काढून वाचा. त्यात कुठंही तुमचं नाव नाही. तुम्ही सही केली ती उपचारांच्या मर्यादेवर, आजारावर नाही. असे निर्णय घेणाऱ्या नातेवाइकांच्या मनाला हे किती खातं ते रोज दिसतं. म्हणूनच म्हणते, ज्यांना शक्य आहे त्यांनी स्वतःचं वैद्यकीय इच्छापत्र करून ठेवा. सर्वोच्च न्यायालयानं ९ मार्च २०१८ च्या निकालात त्याला मान्यता दिली, आणि २०२३ च्या जानेवारीत प्रक्रिया बरीच सोपी केली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. आपण आधीच लिहून ठेवलं की लेकीला भिंतीकडे बघत सही करावी लागत नाही. मी माझं केलंय. नवरा अजून टाळतोय.

दुसरं देहदानाबद्दल, कारण अशा धाग्यावर कुणीतरी ते सुचवतंच. जरूर करा, आम्हाला देह कमी पडतात. पण ते दुःखावरचं औषध समजून करू नका. राज्यात १९४९ च्या अ‍ॅनाटॉमी कायद्याखाली आम्ही देह स्वीकारतो. शवविच्छेदन झालेलं असेल, पोलीस केस असेल किंवा काही संसर्ग असतील तर घेता येत नाही. बहुतेक ठिकाणी नेत्रदान झालेलं चालतं, आणि त्यासाठी सहा तासांच्या आत कळवायचं, डोळे मिटून वर ओला कापूस ठेवायचा, पंखा बंद करायचा. हे सगळं लोकांना नीट सांगितलं जातं. जे सांगितलं जात नाही ते असं की देह गाडीत गेला की घरच्यांचे हात रिकामे. राख नाही, सावडणं नाही, घाट नाही. एक काका वर्षभर दर महिन्याला यायचे. आत सोडता येत नाही, म्हणून बाहेरच्या बाकावर बसायचे आणि मुलं तासाला जाताना बघायचे. आमच्या पहिल्या वर्षाच्या मुलांना शपथ असते, देणाऱ्याचा मान राखू म्हणून. त्या वर्षी मी ती काकांसमोर घ्यायला लावली. नियमात बसतं का माहीत नाही, मी विचारलं नाही.

वळचण

प्रमाणपत्र काढून वाचलं. तीन ओळी आहेत. सगळी इंग्रजी नावं. तिसरी ओळ दहा वर्षांपूर्वीपासूनची आहे. तेव्हा ते वारीला चालत होते.

धन्यवाद डॉक्टर. याहून जास्त आत्ता लिहिता येत नाही.

वसईकर

मी जन्मानं कॅथलिक. अल्टार बॉय होतो, फादर व्हायचं असंही चौदाव्या वर्षी ठरलं होतं. आता रविवारी झोपतो. आई गेली तेव्हा घरात रोज संध्याकाळी रोझरी, शेजारपाजार सगळा ओट्यावर. मीही म्हटली, तोंड आपोआप चालतं. मग मिस्सेत फादर म्हणाले, आपण सगळे पुन्हा भेटणार आहोत. मला उठून जावंसं वाटलं. लहानपणी हेच वाक्य दहा वेळा ऐकून काही वाटलं नव्हतं. आता ज्या माणसाला खरंच पुन्हा भेटायचं होतं ते समोर पेटीत होतं.

आमच्याकडे एक सोय आहे, जागा असते. २ नोव्हेंबरला सगळं गाव दफनभूमीत, कबरी धुवायच्या, झेंडूची फुलं, मेणबत्त्या. मी जातो. मुलीनं विचारलं, "पप्पा, तू तर मानत नाहीस?" मी म्हटलं, आजीची जागा घाण झालीय, धुवायला नको? तीही धुते. अर्थात जागाही कायमची नसते. आमच्याकडे जमीन कमी, काही वर्षांनी त्याच खड्ड्यात दुसऱ्याला ठेवतात. आईची पाळी येईल तेव्हा काय करायचं ते अजून ठरलेलं नाही.

सातासमुद्रा

डब्लिनहून. बाबांचं सगळं फोनवर पाहिलं. चुलतभावानं फोन धरला होता. अग्नी द्यायच्या वेळेला नेटवर्क अडकलं, आणि पंधरा-वीस सेकंद स्क्रीनवर फक्त कुणाचा तरी कोपर होता. अजून झोपेत तो कोपर दिसतो.

मीही बिनदेवाचाच. इकडे ह्युमनिस्ट अंत्यसंस्कार होतात, प्रार्थनेशिवाय. एक सेलिब्रंट बाई येते, घरच्यांशी आधी दोन तास बोलून माणसाची गोष्ट लिहून आणते. सहकाऱ्याच्या वेळी गेलो होतो. त्याची आवडती गाणी, मुलीनं सांगितलेले त्याचे विसरभोळेपणाचे किस्से, लोक चक्क हसले. सुंदर झालं, खोटं बोलणार नाही. पण चाळीस मिनिटांत सगळं आटोपलं, मग चहा-सँडविच, आणि दीड वाजता मी ऑफिसात. चाळीस मिनिटं कुठं आणि तेरा दिवस कुठं! विश्वास नसला तरी ते तेरा दिवस मला हवे होते. कुणीतरी म्हणायला हवं होतं, आज पाचवा, आज घरात तळण नाही, आज तू दाढी करायची नाही. रजेच्या अर्जावर मला तीन दिवस मिळाले.

भटकी_मांजर

अवांतर: आमच्या सोसायटीत तेराव्याच्या गोडाच्या जेवणाला हल्ली केटरर 'मेन्यू' पाठवतो. श्रीखंड की बासुंदी. कुणाला तरी रडता रडता निवडावं लागतं. अवांतर समाप्त.

दुसरी_बाजू

समुपदेशनाचं काम करते, म्हणून चार ओळी. 'दुःखाच्या पाच पायऱ्या' सगळ्यांनी फॉरवर्डमध्ये वाचलेल्या असतात. एलिझाबेथ क्यूब्लर-रॉस यांनी त्या १९६९ मध्ये मांडल्या त्या मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून. मागं राहिलेल्यांसाठी त्या नंतर लागू केल्या गेल्या. तेव्हा 'मी अजून रागाच्याच पायरीवर' म्हणून स्वतःला नापास करू नका.

माझ्याकडे येणाऱ्या नास्तिक मंडळींना एक विशेष अपराधीपण असतं: मी गेलेल्या माणसाशी मनात बोलतो, म्हणजे मी ढोंगी आहे का? नाही. एके काळी आमच्या क्षेत्रातही मेलेल्याशी नातं तोडलं की माणूस बरा झाला, असं मानायचे. १९९६ च्या सुमारास ते मत बदलायला लागलं. नातं वेगळ्या रूपात चालू राहणं हेच बहुतेकांचं सर्वसाधारण आहे, त्याला परलोक लागत नाही. नानांचा डबा पुसताना त्यांना दोन शब्द सुनावले तर तुम्ही आस्तिक ठरत नाही.

काळजी कधी करायची? जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात सहा महिने आणि अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या २०२२ च्या निकषात मोठ्यांसाठी वर्ष, एवढ्या काळानंतरही ओढ तितकीच तीव्र असेल आणि रोजचं जगणं अडलं असेल, तर मदत घ्यायची. त्याआधीही घ्यायला काहीच हरकत नाही. सरकारची टेलि-मानस सेवा १४४१६ वर मराठीतही बोलता येतं.

तर्कट

मग माझंही लिहून घ्या. वडिलांचं देहदान केलं, त्यांचीच इच्छा. चौथ्या दिवशी कामावर गेलो. घरात फोटो लावलेला नाही. सहा वर्षं झाली. मी ठीक आहे.

डॉ_कात्री

@तर्कट, खरंच?

तर्कट

हो, खरंच. तुम्हाला वाटतंय आता मी खाली लिहिणार की एका रात्री त्यांचा चष्मा सापडला आणि मी ढसाढसा रडलो. चष्मा सापडला होता. काच बरी होती, नेत्रपेढीतल्या ओळखीच्या माणसाला देऊन टाकला. माझं वडिलांवर प्रेम होतं. प्रत्येकाच्या आत कुलूपबंद खोली असलीच पाहिजे का?

दुसरी_बाजू

नाही. जॉर्ज बोनॅनो यांच्या अभ्यासांत हेच दिसलं की बरीच माणसं मोडून न पडता पुढं जातात, आणि ते दाबून ठेवलेलं दुःख नसतं. @तर्कट बरोबर बोलताहेत. फक्त त्यांनी ते वळचणवर लादू नये.

तर्कट

लादणं थांबवतो. आईंना खरं सांगा, हे मात्र मागं घेत नाही.

वळचण

तुमचा राग येत नाही, तर्कट. घरात सगळे माझ्याशी इतकं जपून बोलतात की इथं कुणीतरी धडाधड बोलतंय ते बरं वाटतं.

पण 'खरं सांगा' म्हणजे काय सांगू? राख दोनेक किलो भरली. निम्मी कृष्णेत, निम्मी भावानं रानात आंब्याच्या खड्ड्यात घातली. आमच्या भागात आता बरेच जण तसं करतात, नदीपेक्षा बरं. हे सगळं आईनं डोळ्यांनी बघितलंय. शरीर कुठं गेलं ते तिला माझ्यापेक्षा नीट माहीत आहे, भट्टीजवळ ती शेवटपर्यंत उभी होती. ती ते विचारतच नाहीये.

पिंपळपान

मग ती काय विचारतेय, हे तिलाच विचारलंत का?

वळचण

नाही.

वळचण (तीन महिन्यांनंतर)

धागा वर काढतेय, माफ करा. काहीतरी झालंय आणि ते दुसरं कुठं लिहिणार?

ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान झालं. आई सकाळपासून टीव्हीसमोर. या दिवसांत दरवर्षी घरात ती एकटी, नाना वाटेवर. दिंडीच्या भिशीचे पैसे मे महिन्यातच भरलेले, पिशवीत दोन धोतरं, टाळ, पायाला लावायचं तेल. यंदा दिंडीतून फोन आला नाही. का नाही ते आम्हाला कळत होतं, तरी आईनं दोनदा फोन चार्जिंगला लावला.

पालखी पुण्यात पोचली त्या दिवशी संध्याकाळी दिवा लावून तिनं नेहमीसारखं विचारलं, "आता ते कुठं असतील गं?"

मी भेंडी चिरत होते. विचार न करता बोलून गेले, "आज पुण्यात असते. भवानी पेठेत, पालखी विठोबाजवळ."

'असतील'ला मी 'असते' म्हणाले. तिनं ते ऐकलं. ऐकलेलं मला दिसलं. मला वाटलं, आता रडणार. ती म्हणाली, "भवानी पेठेत पालखी असते. यांची दिंडी शाळेत उतरायची. संडासाला रांग असायची म्हणून तीनला उठायचे."

दुसऱ्या दिवशी पालखीचा पुण्यातच मुक्काम. तिसऱ्या दिवशी दिवे घाट चढून सासवड. तिनं विचारलं, मी सांगितलं, तिनं दुरुस्त केलं. नंतर मी मुद्दाम चुकायला लागले. जेजुरीनंतर थेट लोणंद म्हटलं तर केवढी चिडली. मध्ये वाल्हं असतं, आणि मग नीरा नदीवर माउलींच्या पादुकांना स्नान, ते कसं विसरलीस? एका वर्षी तिथं नानांची चप्पल गेली होती, पुढं लोणंदपर्यंत अनवाणी. चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं की त्या रात्री तरडगावहून हमखास फोन. मोबाइल नव्हता तेव्हा एसटीडी बूथवरून. बूथवाला रुपया जास्त घ्यायचा, आणि नाना, जन्मभर सुट्ट्या पैशांवरून लोकांशी भांडलेला माणूस, त्या दिवशी गपचूप द्यायचे. हे मला माहीतच नव्हतं. एकवीस वर्षं तिनं ही सगळी वाट घरी बसून चाललेली आहे.

पिंपळपान, तुम्ही म्हणालात ते शेवटी विचारलं. म्हटलं, "आई, तू रोज विचारतेस ते वैकुंठाचं विचारतेस का?" ती म्हणाली, "वैकुंठात असतीलच की. ते मला माहिताय. मी आपलं विचारते."

तर्कट, तुम्ही याला खोटं म्हणणार का, याची मला उत्सुकता आहे.

तर्कट

नाही. 'असते' म्हणालात. व्याकरण चोख आहे.

जोशीकाकू

बाई गं. डोळ्यांत पाणी आलं. आषाढीनंतर काय करणार?

वळचण

माहीत नाही, काकू. परतीची वाटही असते म्हणा. ती नाना कधी चालले नाहीत, एसटीनं यायचे. पासावर.

भटकी_मांजर

वाखूसाख. म्हणजे वाचनखूण साठवली आहे.

नातेपुतेकर

नवीन आयडी आहे, फक्त यासाठी काढला. आज पालखी आमच्या गावात मुक्कामाला आहे. आमच्या वाड्यात दोन दिंड्या उतरल्यात, बाहेर भाकरी चाललीय. नानांची दिंडी रथामागे कितवी? जवळपास असेल तर जाऊन बघतो, कुणी ओळखणारं भेटलं तर.

वळचण

थांबा, आईला विचारते. तिचं दिवा लावायचं चाललंय.